क्लॅरा वेनिंगच्या सहीवरचा तांबडा ठिपका

अमेरिकेतल्या श्रूजबरीतले आमचे गुरुनाथराव निवृत्त इंजिनियर. निवृत्तीनंतर इतर लोक गोल्फ खेळतात. हे शंभरेक वर्षांपूर्वीच्या अमेरिकन नटनट्यांच्या सह्या जमवतात. त्यातल्या एकाचंही नाटक त्यांनी पाहिलेलं नाही. तरी क्लॅरा वेनिंगचं नाव निघालं की चहाचा कप खाली ठेवतात. "माईक नव्हता हो तेव्हा! हिची कुजबुज शेवटच्या रांगेत ऐकू जायची." जणू शेवटच्या रांगेत हेच बसले होते.

जवळच्या एका छोट्या नाट्यसंग्रहालयाने जुन्या नटांचं प्रदर्शन ठरवलं आणि क्लॅराची १९०९ सालची सही पाहायला मागितली. पसंत पडली तर मधली काचपेटी, खाली गुरुनाथरावांचं नाव. निरोप आल्यापासून ते आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा बोलले नाहीत. गाडी मी ड्राइव्ह केली. मागे प्रतिमावहिनी, मांडीवर आल्बम.

संग्रहालयाच्या डोरोथीबाईंनी भिंग लावलं आणि त्या जवळजवळ ओरडल्याच. "हा तांबडा ठिपका! मेकअपचा रंग! दोन अंकांच्या मध्ये, रंगलेल्या बोटांनी केलीय ही सही. शेजारचं पिवळं म्हणजे पावडर. मधली काचपेटी नक्की!"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

गेल्या दसऱ्याच्या पूजेला मीही होतो. पाटावर लॅपटॉप, ड्रिल मशीन, गाडीची किल्ली आणि आल्बम. वहिनींनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. आल्बम नेमका क्लॅराच्या पानावर उघडा होता. त्यानंतर त्या घरात बरेच दिवस अबोला होता.

"अहो, गप्प बसा," वहिनी मराठीत पुटपुटल्या. "तीच म्हणतेय ना? आपण कुठे खोटं बोललो?"

गुरुनाथरावांनी मधल्या रिकाम्या काचपेटीकडे पाहिलं. विमानतळावर मुलांना सोडून आलेले आईबाप असे बघतात. मग म्हणाले, "मॅडम, ते कुंकू आहे. ती हळद. माझ्या बायकोनं लावलंय. दसऱ्याला आम्ही कामाच्या वस्तूंची पूजा करतो."

"पण ही सही तुमच्या कुठल्या कामाची?"

"माझ्या नाही, तिच्या. तिचं काम आवाजाचं. तो काही उरला नाही. हाताचं एवढंच उरलंय."

डोरोथीबाईंनी भिंग हळूच खाली ठेवलं. "हे पान मला लावता येणार नाही," त्या म्हणाल्या. त्याच आल्बममधून त्यांनी एका विनोदी नटाची सही निवडली. कोपऱ्यातल्या पेटीसाठी.

परतताना वहिनी म्हणाल्या, "त्या बाईनं विचारलं होतं का?"

"क्लॅराला चाललं नसतं."

"क्लॅरा काय दर रविवारी फोन करते तुम्हाला?"

मी उगाचच गाडी जरा अदबीने चालवली.

यंदाच्या दसऱ्याला गुरुनाथरावांच्या दाराची बेल वाजली. डोरोथीबाई. बूट बाहेर काढून आत आल्या, पर्समधून भिंग काढलं आणि पाटावर ड्रिल मशीन आणि आल्बमच्या मध्ये ठेवलं.

वहिनींनी कुंकवाचा करंडा उचलला.

"दांड्यावर हं," गुरुनाथराव म्हणाले. "काचेवर नको."

आल्बम उघडा होता, क्लॅराच्याच पानावर. या वेळी तो त्यांनी स्वतः उघडून ठेवला होता. वहिनींचं बोट हवेत थांबलं. "आणि इथे?"

"तिथे गेल्या वर्षीचं आहे ना," गुरुनाथराव म्हणाले. "पुरेल तिला."