उजव्या हाताची साखर

शुक्रवारची नमाज संपली की ट्युनिशियाच्या त्या वाळवंटाकाठच्या गावात सगळे रस्ते सिदी मिझूनी नावाच्या शेखाच्या अंगणाकडे वळायचे. साखरेचे रोगी रांगेत बसायचे, मशीनवर बोट टोचून घ्यायचे आणि आकडा चारशेच्या वर जायचा. मग वजू करायचे, हातपाय-तोंड स्वच्छ धुवायचे, सिदीनं फुंकर घातलेलं पाणी प्यायचे. पुन्हा बोट टोचलं की आकडा सव्वाशे. सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत व्हायचं, आणि मशीन तर दवाखान्यात असतं तसंच होतं.

अंगणाच्या मधोमध तांब्याचं घमेलं ठेवलेलं असे. बरा झालेला माणूस आपल्या इन्सुलिनच्या बाटल्या त्यात फोडायचा आणि बायका आनंदानं ललकाऱ्या द्यायच्या. मुन्जीनंही फोडल्या होत्या. आठवडा उलटायच्या आत तो धापा टाकत गेला.

रबीहा त्याची थोरली बहीण, गावच्या दवाखान्यात नर्स. भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण तिच्या काळजात रुतलं होतं ते दुसरंच. मयतीला आलेला सिदी तिच्या आईला सगळ्यांसमोर म्हणाला होता, "पाण्यात खोट नव्हती, बाई. तुझ्या पोराच्या मनात होती." आईनं ते खरं मानलं. लेकाच्या कबरीपाशी बसून ती त्याच्या वतीनं माफी मागायची. तेव्हाच रबीहानं ठरवलं, या माणसाला नुसतं हाकलायचं नाही. याच अंगणात, याच लोकांसमोर त्याचं नाक कापायचं. मागच्या शुक्रवारी ती भिंतीला टेकून नुसती बघत राहिली आणि जे बघायचं ते तिनं बघून घेतलं.

आईलाही साखरेचा रोग होता, आणि आज ती स्वतःच्या इन्सुलिनच्या बाटल्या ओढणीत बांधून निघाली होती.

"मी मनात शंका ठेवणार नाही," ती म्हणाली. "मुन्जीचं चुकलं, ते मी भरून काढीन."

"चल, उम्मी. मीही येते," रबीहा म्हणाली.

दारातच सिदीचा मेहुणा खजुराचं ताट घेऊन उभा होता. पाहुण्यानं खजूर नाकारायचा नसतो. आणि या गावात कुणी खजूर तसाच तोंडात टाकत नाही. उजव्या हाताच्या बोटांनी चिरून आत अळी नाही ना हे बघतात, मगच खातात. रबीहानं आपला खजूर अगदी सावकाश चिरला.

"या, या, सुईवाल्या बाई," सिदी हसला. "सुया टोचून टोचून थकलात वाटतं?"

लोक हसले.

"मला साखर नाही, सिदी. गावाला माहीत आहे. तरी एकदा बघा."

"रोग लपून बसतो, पोरी. साखरेच्या पोत्यावर जिन्न बसलेला असतो. माझ्या पाण्याचा वास आला की त्याची गाळण उडते." जिन्नाला साखरेचं पोतं कशाला लागतं, हे तिथं कुणी विचारत नव्हतं.

रबीहानं उजवा हात पुढे केला. मेहुण्यानं बोट टोचलं.

"चारशे दहा," तो म्हणाला.

"बघा," सिदीनं हात पसरले. "जसा भाऊ तशी बहीण. घरातच अविश्वास."

"आता हा बघा." रबीहानं डावा हात पुढे धरला.

अंगणात कुजबुज झाली. आई पुटपुटली, "डावा? शेखासमोर? लाज सोडलीस का गं?"

"डावा नापाक," सिदी घाईनं म्हणाला. "तो चालत नाही."

"रक्त अंगभर एकच फिरतं, सिदी." तिनं मेहुण्याच्या हातातून मशीन घेतलं, स्वतःच डावं बोट टोचलं आणि मशीन पुढ्यात बसलेल्या म्हाताऱ्या ताहर काकांसमोर धरलं. "वाचा, काका."

"ब्याण्णव," काका म्हणाले आणि आपल्याच उजव्या हाताकडे बघू लागले.

"जिन्न तिथंच आहे," रबीहा म्हणाली. "खजुराचा चिकटा. उजव्या हातानं खजूर चिरता आणि उजवाच हात शेखासमोर धरता. डावा पुढे करणार कोण? मशीन तो चिकटा मोजतं. वजू केला की तो धुतला जातो. मग पाणी प्या, नाहीतर झाडाला घाला."

"पण मला खरंच रोग आहे," काका म्हणाले. "धुतल्यावर माझी साखर बरोबर कशी आली?"

"सिदी काय सांगतात? शेवटची सुई टोचून मगच या. घेतलीत ना सकाळी? ते त्या सुईचं काम. उद्या सुई नसेल, मग काय होतं ते माझ्या भावाला विचारा."

सिदी उठला. "असरच्या नमाजेची वेळ झाली."

"अजून अवकाश आहे. बसा," रबीहा म्हणाली. दार अडवून दोघं-तिघं उभे राहिले होते. मघाशी हसलेलेच ते.

आई अजून ओढणीची गाठ धरून उभी होती. "म्हणजे माझ्या मुन्जीच्या मनात खोट नव्हती?"

"नव्हती, उम्मी. त्यानं मनापासून विश्वास ठेवला. म्हणून तर मेला."

आई सिदीच्या अगदी पुढ्यात गेली. "त्याचं नाव घेऊन सांग."

सिदीनं चहूकडे बघितलं. "मुन्जीच्या मनात खोट नव्हती," तो पुटपुटला.

"मोठ्यानं," रबीहा म्हणाली.

तो मोठ्यानं बोलला. तिनं पुन्हा बोलायला लावलं, मग आणखी एकदा, भिंतीपलीकडच्या बायकांनाही ऐकू जाईल असं. सिदी माफीचं काहीतरी बोलू लागला. "माफी नको मला. पोलिसांना मी कळवलंय. ते येईपर्यंत इथंच बसायचं," ती म्हणाली. तिला फार बरं वाटलं, आणि त्याची तिला पुढेही कधी लाज वाटली नाही.

आईनं बाटल्यांची गाठ आणखी घट्ट केली. रबीहा लोकांकडे वळली.

"हा गेला की दुसरा कुणी येईल. त्याला शिव्या देऊ नका, त्याच्या पायाही पडू नका. आधी हात धुवा. मग तो जो हात मागत नाही, तोच पुढे करा."

ताहर काका उठले, हात धुऊन आले आणि त्यांनी डावा हात तिच्यासमोर धरला. त्यांच्यामागे रांग लागली.