डोंगर चढणारी गाडी

भावजींनी पिकअप घेतला तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता आणि चालत होता. पुढच्या तीन वर्षांत त्यांनी त्याच्यावर एवढं काम करून घेतलं, की आता तो फक्त उभा असताना चांगला दिसतो.

काम मीच केलं. मी गॅरेजमध्ये मेकॅनिक, आणि ते माझ्या सख्ख्या बहिणीचे नवरे. नाही म्हणायची सोय नव्हती. आधी स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी सहा इंच वर उचलली. मग टायर एवढे मोठे घातले की मडगार्डला घासायला लागले, म्हणून मडगार्ड कापले. गाडी वर गेल्यावर ब्रेकचे पाइप तोकडे पडले, म्हणून ते लांब घातले. मोठ्या टायरमुळे काटा वेग कमी दाखवायला लागला. दुरुस्त करू का विचारलं, तर म्हणाले, "राहू दे, तेवढंच डिझेल वाचतं."

शिवाय छतावर आठ दिवे, पुढे अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचा विंच, आणि बॉनेटच्या कडेने वर जाणारी नळी. गाडी नदीत बुडाली तरी इंजिनला वरून हवा मिळावी म्हणून. भावजींना पोहता येत नाही. पाण्यात ते घोट्यापर्यंत जातात, तेही चपला हातात घेऊन.

या गाडीने डोंगर चढलेला मी पाहिला नव्हता. गतिरोधक चढलेला पाहिला होता, तोही तिरका.

रविवारी त्यांचा ग्रुप पेट्रोल पंपामागे जमतो. सात गाड्या, सात पुरुष, सात टोप्या. बॉनेट उघडायचं, आत बघून "हं" म्हणायचं, बॉनेट लावायचं. म्होरक्याला सगळे कॅप्टन म्हणतात; तो दातांचा डॉक्टर आहे. विंचने त्यांनी आजवर एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आहे. खुर्ची आली. टाळ्या वाजल्या.

ताई मधमाश्या पाळते. डोंगरावर एका म्हाताऱ्या बागवाल्याची मोठी फळबाग आहे. झाडं फुलली की दहा दिवस तिथे पेट्या ठेवायच्या. माश्यांना फुलं मिळतात, म्हाताऱ्याच्या झाडांना फळ धरतं. या वर्षी त्याने फोनवर सांगितलं, "शनिवारी सकाळी दहापर्यंत तुझ्या माश्या बागेत दिसल्या पाहिजेत. नाहीतर मी दुसऱ्याला बोलावतो, तो कधीचा मागे लागलाय." फुलोरा गेला की ताईचं वर्ष गेलं. तिच्या छोट्या टेम्पोला शेवटचा दोन किलोमीटरचा कच्चा चढ जमत नाही.

"टेम्पो कशाला?" भावजी छाती काढून म्हणाले. "घरात डोंगर चढणारी गाडी आहे."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

शनिवारी पहाटे चौदा पेट्या अंगणात तयार होत्या. आदल्या संध्याकाळी सगळ्या माश्या आत आल्यावर ताईने दारांना जाळ्या ठोकल्या होत्या. आत एका पेटीत वीसएक हजार जीव. ऊन चढायच्या आत त्यांना उघडलं नाही, तर पेटी तापते, मेण वितळतं आणि सगळं पोळं माश्यांसकट खाली बसतं. हे तिने आम्हाला दोनदा सांगितलं. भावजींना तिसऱ्यांदाही सांगितलं.

पण पिकअपच्या हौद्यात जागाच नव्हती. तिथे दोन जादा चाकं, फावडं, कुऱ्हाड, पाण्याचे कॅन, तंबू आणि एक छोटा फ्रिज होता.

"अहो, हे काढा."

"अगं, रस्त्यात अडकलो तर?"

"अडकायलाच घेतलीय का गाडी?"

सगळं उतरवलं. फ्रिज उतरवताना भावजींचा चेहरा लेक सासरी चालल्यासारखा झाला होता. मग पेट्या चढवायला घेतल्या. गाडी आता एवढी उंच होती की शेजारच्या रंगाऱ्याची शिडी आणावी लागली. तो बिचारा डोळे चोळत म्हणाला, "घर रंगवताय का?"

डांबरी रस्ता संपेपर्यंत प्रवास उत्तम झाला. भावजींनी वाटेत दोनदा थांबून गाडीचे फोटो काढले. उजाडलेलं असताना आठही दिवे चालू होते.

कच्चा चढ लागला. भावजींनी चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा ओढला, समोर हिरवा दिवा लागला, आणि ते म्हणाले, "आता बघ, पान्या." ते मला पान्या म्हणतात, कारण माझ्या हातात पाना असतो. मी बघितलं. दीड वळणानंतर मागची चाकं भुसभुशीत मातीत फिरायला लागली आणि फिरता फिरता खड्डा करून त्यात बसली. पुढची चाकं पाहुण्यांसारखी स्वस्थ होती.

"फोर-व्हील लागलंय ना?" ताईने विचारलं.

"लागलंय! दिवा बघ की!"

भावजींनी आणखी जोर दिला. गाडी आणखी खाली गेली. सहा इंच उचललेली गाडी त्यांनी दोन मिनिटांत मूळ उंचीवर आणली. मागेही सरकेना, पुढेही नाही. विंचचा दोर तीस मीटर होता, पहिलं झाड साठ मीटरवर.

"खुर्ची आणायला हवी होती," मी म्हणालो.

ताई हसली नाही. तिने पेटीला कान लावला. आत गुणगुण नव्हती, घरघर होती. आठ वाजून गेले होते आणि ऊन पेट्यांवर आलं होतं.

"पुढची चाकं का ओढत नाहीत? तू मेकॅनिक आहेस ना?"

आता सांगणं भाग होतं. एवढ्या जुन्या गाडीत नुसता दांडा ओढून भागत नाही. खाली उतरून पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी असलेली गोल मूठ हाताने फिरवायची, तेव्हा कुठे चाक जोराला लागतं. या गाडीत त्या मुठी काळ्या टोपणांखाली होत्या. टोपणांना खास चावीचे नट होते, चोरांनी काढू नयेत म्हणून, आणि चावी घरी होती. भावजींच्या हौसेपायी ती टोपणं तीन वर्षांपूर्वी मीच बसवली होती.

"म्हणजे ही गाडी तीन वर्षं मागच्या दोनच चाकांवर चालतेय?" भावजी म्हणाले.

"हो."

"आणि दिवा?"

"दिवा दांड्याचा आहे. त्याला चाकांचं काही माहीत नसतं."

ताई माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं."

"मला वाटलं, हे कुठे डोंगरावर नेणारेत."

"काल रात्री जेवताना तर ठरलेलं होतं ना? समोर बसून भात खात होतास."

खरं सांगायचं तर मला बघायचं होतं. भावजी तोंडावर कसे पडतात ते फुकटात, पहिल्या रांगेतून. रांगेत ताईच्या चौदा पेट्या आहेत, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"ते निदान मूर्ख आहेत," ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली. "तुझं काय?"

भावजी हे ऐकून थोडे सुखावले, मग विचारात पडले.

मी दगडाने एक टोपण फोडलं. आतली मूठ गंजून एकजीव झाली होती. मी तिला लटकलो, लाथ मारली, शिवी दिली. दुसरीला नुसती शिवी दिली. नऊ वाजले. ताईने परत कान लावला, वर बागेकडे पाहिलं, अंतर मोजल्यासारखे डोळे बारीक केले आणि डोक्यावर जाळी चढवली.

"अगं, इथे उघडतेस?"

"माशी दोन किलोमीटर सहज उडते. तिला तुमची गाडी लागत नाही."

ती हौद्यात चढली आणि एकामागून एक जाळ्या काढल्या. मी ढेकळांतून शंभर पावलं पळालो. भावजी केबिनमध्ये शिरले आणि काचा वर केल्या. माश्या उसळून बाहेर आल्या, पिकअपभोवती गोल गोल फिरल्या, जागा ओळखून घेतली, आणि त्यांची एक ओळ चढावर निघाली. चाक न अडकता.

पावणेदहाला बागवाला म्हातारा खाली आला. स्कूटरवर, मागे रिकामं खोकं बांधलेलं. ज्या मातीत आम्ही रुतलो होतो तिच्या कडेने तो पाय टेकत, खोकत आरामात उतरला. लांबच थांबला.

"माश्या वर पोचल्या. झाडांवर दिसताहेत," तो ओरडला. "पेट्या इथेच का?"

"इथेच," ताई म्हणाली. "दहा दिवस. माशीने जागा ओळखली की पेटी जवळच दुसरीकडे हलवता येत नाही. ती जुन्या जागी परत येते आणि घर नसलं की मरते."

"म्हणजे गाडीही दहा दिवस?"

"गाडीही."

म्हाताऱ्याने पिकअप खालून वर पाहिला, दिव्यांपर्यंत. "पेट्या ठेवायला स्टुलावर भागलं असतं," म्हणाला, आणि स्कूटर वळवून परत चढून गेला.

ताई हौद्याच्या कडेला बसली. पाय पिवळे झालेली पहिली माशी परत येऊन पेटीत शिरली, तेव्हा तिने जाळीखाली आवळलेला चेहरा पहिल्यांदा सैल सोडला. माझ्याकडे बघितलं नाही.

केबिनमध्ये भावजी काचेवर टकटक करून काहीतरी विचारत होते. ओठांवरून कळत होतं: उतरू का?

"ताई, कधी उतरायचं विचारतायत."

"संध्याकाळी. माश्या आत गेल्यावर. आणि या वेळी त्यांना नीट सांग."

दहा वाजले होते. मी जाता येईल तेवढा जवळ गेलो आणि सूर्य मावळतो ती बाजू बोटाने दाखवली. भावजींनी टोपी सारखी करून तिकडे पाहिलं. मग डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं. मग माझ्याकडे बघून अंगठा वर केला आणि त्या बाजूचं दार उघडायला हात घातला.