बाजूच्या सीटवरून

विनिफ्रेडचं पत्र आलं तेव्हा बागेत डॅफोडिलची फुलं होती. आता जून संपत आला, तरी लायोनेलनं उत्तर दिलेलं नव्हतं. विसरला असता तर एक वेळ चाललं असतं. पण पत्र मोटारहोममध्ये, त्यांच्या फिरत्या घराच्या गाडीतच होतं, चहाच्या डब्यामागे खोचलेलं. रोज सकाळी डबा काढताना त्याची कड दिसायची, आणि चहा कडवट लागायचा.

इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात कुणालाही वेगळं फुलपाखरू दिसलं की त्यानं विनिफ्रेडला कळवायचं, आणि तिनं ती नोंद मान्य करायची किंवा बाजूला ठेवायची, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. आता तिचे डोळे अधू झाले होते. 'माझ्या जागी तुम्ही या,' तिनं लिहिलं होतं. 'तुमच्याशिवाय दुसरं कुणी नाही. उन्हाळा संपायच्या आत कळवा, म्हणजे नोंदींच्या कपाटाची किल्ली तुम्हाला द्यायची की कामाला कुलूप लावायचं, ते मला ठरवता येईल.'

लायोनेल जन्मभर ग्रंथपाल होता. पुस्तकात छापलेलं खरं की खोटं, याची जबाबदारी त्याच्यावर कधी आली नव्हती. लोकांनी डोळ्यांनी पाहिलेल्याला आपण 'नाही' म्हणायचं, आणि चुकलो आपणच, तर? फुलपाखरं त्याला कळायची. आपल्याला कळतात यावर मात्र त्याचा विश्वास नव्हता.

फ्रान्समधल्या जोंत नदीच्या घळईतून त्याची बायको नेस्टा गाडी चालवत होती. गाडी इंग्लंडची, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे; रस्ता फ्रान्सचा, म्हणून चालायचंही उजवीकडून. नेस्टाच्या खिडकीला कडा घासायचा तेवढा बाकी होता. पुढचा रस्ता मोकळा आहे की नाही, ते बाजूच्या सीटवरच्या लायोनेललाच दिसायचं. समोर गवताच्या गाठोड्यांनी लादलेला ट्रॅक्टर रमतगमत चालला होता.

"जाऊ?" नेस्टानं विचारलं.

"थांब."

थोड्या वेळानं, "आता?"

"पुढे वळण आहे बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? दिसतंय की नाही?"

"वळण दिसतंय. त्याच्या पलीकडचं दिसत नाही."

"पलीकडचं कुणालाच दिसत नाही रे बाबा. मागे बघ, आपली वरात जमलीय."

मागे खरंच गाड्यांची रांग लागली होती. ट्रॅक्टर आपण होऊन शेताकडे वळला, तेव्हा कुठे दोघांची सुटका झाली.

नदीकाठच्या तळावर शेजारी यूस्ट आणि मारिके हे डच जोडपं उतरलं होतं. लायोनेलच्या गळ्यातली दुर्बीण पाहून मारिकेनं विचारलं, "इथे अपोलो फुलपाखरू दिसतं म्हणे. खरंय का?"

"दिसू शकतो," लायोनेल म्हणाला.

"मला एकदा बघायचाय. पुढच्या वर्षी हा गुडघा येऊ देईलसं वाटत नाही."

दुपारी लायोनेल तळावरूनच समोरच्या खडकाळ उतारावर दुर्बीण लावून बसला होता. तेवढ्यात एक मोठं पांढरं फुलपाखरू पंख फारसे न हलवता तरंगत आलं आणि वर काटेरी फुलांवर उतरलं. "अपोलो," त्याच्या तोंडून निघून गेलं. शब्द परत घ्यायच्या आत मारिकेनं काठी उचलली होती.

ती चढली. एका हातात काठी, दुसरा हात यूस्टच्या खांद्यावर, मध्ये मध्ये बसत, ओठ आवळत चढली. लायोनेल पुढे होता, नेस्टा सगळ्यांच्या मागे. जवळ जाऊन त्यानं पाहिलं. फुलपाखरू शांतपणे मध पीत होतं. पांढऱ्या पंखांवर शाईनं ओढल्यासारख्या काळ्या शिरा, आणि लाल ठिपका एकही नाही. अपोलो असा नसतो.

मारिके धापा टाकत येऊन ठेपली. "किती सुंदर आहे हो," ती म्हणाली. यूस्टनं फोटो काढला.

गप्प बसला असता तर कुणालाही कळलं नसतं. नेस्टालासुद्धा नाही. मारिके आनंदानं खाली उतरली असती.

"चुकलो मी," लायोनेल म्हणाला. "हा अपोलो नाही."

खाली नदीचा आवाज येत होता. मारिके दगडावर टेकली. "मग कोण आहे हा?"

"काळ्या शिरांचा पांढरा म्हणतात. इथे पुष्कळ असतात. आमच्या देशातून मात्र शंभर वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. का, ते कुणालाच नीट ठाऊक नाही." त्यानं मारिकेच्या गुडघ्याकडे पाहिलं. "माफ करा. तुम्हाला उगाच चढवलं."

"गुडघ्याला सांगते, पाहुणा दुसराच निघाला." मारिके हसायला लागली. "बरं झालं बोललात. मुलीला मी हाच फोटो अपोलो म्हणून पाठवला असता, आणि तिनं मला जन्मभर चिडवलं असतं. आता नीट दाखवा बघू, अपोलो नाही हे कशावरून ओळखायचं?"

त्यानं दाखवलं. फुलपाखरू उडून गेलं तरी तो सांगत होता, आणि ती दोघं ऐकत होती. अपोलो त्या दिवशी काही आला नाही.

उतरताना नेस्टा म्हणाली, "इतका वेळ सलग बोललास. लग्नातसुद्धा नव्हतास बोलला."

दुसऱ्या दिवशी सकाळी लायोनेलनं डब्यामागचं पत्र काढलं. घडीच्या टेबलावर बसून त्यानं कागद घेतला. फार लिहायला लागलं नाही. 'मी येतो. माझ्या हातून चुका होतील. झाल्या की तशा कळवीन. तुम्हाला चालणार असेल तर किल्ली माझ्यासाठी ठेवा.'

मेरुएस गावाच्या रस्त्यावर पुन्हा ट्रॅक्टर आडवा आला. कालचाच असावा. गवतही तसंच होतं.

"जाऊ?" नेस्टानं सवयीनं विचारलं, आणि 'थांब' ऐकायच्या तयारीत राहिली.

लायोनेलनं काच खाली केली, मान बाहेर काढली. पुढच्या वळणापर्यंत रस्ता रिकामा होता.

"जा."

नेस्टानं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि गाडी दामटली. ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला.

गावात तिकीट घेऊन लायोनेल पिवळ्या टपालपेटीपुढे उभा राहिला. पेटीला दोन तोंडं होती: एक आसपासच्या पत्रांसाठी, दुसरं बाकीच्या जगासाठी. तो वाकून दोन्हींवरची अक्षरं वाचू लागला.

"आता इथेही तळ्यात-मळ्यात?" नेस्टा गाडीतून म्हणाली.

त्यानं दुसऱ्या तोंडात पाकीट सरकवलं, आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत हात तिथेच ठेवला.