आरशामागचा हात

दुकानात तिला सगळे मास्तरीण म्हणत. कोट बेतण्यात तीस वर्षं तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आता तर तो हात खरोखरच कोणाला धरता येत नव्हता.

सात महिन्यांपूर्वी पायरीवरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं. दुखणं मात्र गेलं नाही, उलट वाढत गेलं. पंख्याचा वारा लागला तरी हात भाजल्यासारखा होई. कधी लालभडक, कधी निळसर आणि थंडगार. घाम फुटे तोही फक्त त्यालाच, आणि त्याची नखं डाव्या हाताच्या नखांपेक्षा लवकर वाढत. सकाळी डोळे उघडले की उशीजवळ कुणीतरी दुसऱ्याचाच हात ठेवून गेल्यासारखं तिला वाटे.

"आज तो गार पडलाय," ती धाकट्या भावाला सांगे.

"तो कोण? पाहुणा आलाय का?" भाऊ मशीन चालवता चालवता हसे. "ताई, एक्स-रे स्वच्छ आहे. तू मनाला लावून घेतलंयस, दुसरं काही नाही."

शेवटी तिने सर्जनची वेळ घेतली. गुरुवारची. "कापून टाका म्हणणार आहे," तिने समोर बसलेल्या भावाला शांतपणे सांगितलं. भावाला वाटलं, रागाने बोलतेय.

त्याच आठवड्यात तिने डाव्या हाताने कात्री धरून एका कोटाच्या बाह्या कापल्या. बाहीचा कागदी नमुना कापडावर सरळ ठेवून एक बाही कापायची, मग तोच पालथा घालून दुसरी. शिकाऊ मुलीसुद्धा हे चुकत नाहीत. भावाने बाह्या टाचून कोट पुतळ्यावर चढवला आणि दोन पावलं मागे सरला. उजव्या खांद्यावरची बाही मागच्या बाजूला वळून लोंबत होती, जणू कुणाचा तरी हात उपटून तिथे खोचला होता.

"ताई, दोन्ही डाव्या कापल्यास."

मास्तरीण जवळ आली. बराच वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली.

"बरोबर तर आहेत," ती म्हणाली.

भाऊ त्यानंतर हसला नाही. बुधवारी तो कोट पिशवीत घालून तिला वेदनांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी आधी कोट पाहिला, मग दोन्ही हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवायला सांगितले. ऊब पाहिली, सूज पाहिली, कापसाचा बोळा अलगद टेकवला. मास्तरीण किंचाळली. मग बाईंनी हातांची चित्रं एकेक करून समोर धरली, वाकडी, उलटी, मुठी वळलेली. "डावा की उजवा?" डाव्याला ती पटकन उत्तर देई. उजवा आला की तिच्या आत काहीतरी विझून जाई आणि तो ओळखूच येत नसे.

"इजा भरून आली तरी दुखणं वाढतच जातं, त्याला सीआरपीएस म्हणतात," बाई म्हणाल्या. "हे ठामपणे दाखवणारं एकही यंत्र नाही. दुसरं काही कारण नाही ना हे तपासायचं, आणि असे दोन हात शेजारी ठेवून नीट बघायचं. तुमचं दुखणं खरं आहे. मेंदूत अंगाचा एक नमुना असतो, तुमच्या कागदी नमुन्यासारखा. त्यातला उजवा हात पुसट झालाय, आणि नसा मात्र जखम ताजी असल्यासारख्या ओरडतायत."

"मग कापूनच टाकते ना!"

"कापड फेकलं तरी नमुना उरतो. हात जाईल, आणि तो नसेल त्या रिकाम्या जागी दुखत राहील. असं होतं."

भावाची नजर नकळत तिच्या मनगटापुढे गेली, जणू तिथे हात नसून नुसती हवा होती.

बाईंनी नसा शांत करणाऱ्या गोळ्या दिल्या. रोज कापडाचे तुकडे हातावर फिरवायला सांगितले, आधी रेशीम, मग सुती, जमेल तेव्हा लोकर. आणि आरसा दिला. तो दोन हातांच्या मधे उभा करायचा, उजवा मागे लपवायचा आणि आरशातल्या डाव्या हाताकडे बघत बोटं हळूहळू हलवायची. "महिने लागतील. ताणायचं नाही."

मास्तरणीने सर्जनची वेळ रद्द केली नाही. सहा आठवडे पुढे ढकलली.

पहिल्या दिवशी आरशात उजवा हात दिसला. धडधाकट, उबदार, बोटं उघडणारा. तिला भोवळ आली. "हा कोण?" असं तिने विचारलं आणि आरसा पालथा घातला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. मग रोज, दुपारी, दहा मिनिटं.

पाचव्या आठवड्यात एकदा टेबलावर टकटक करता करता तिने डावी बोटं थांबवली. आरशातली बोटंही थांबली. पण टेबलावर टकटक चालूच होती. आरशामागून.

"भाऊ," ती न हलता म्हणाली, "मागे कोण आहे रे?"

मशीन थांबलं. भाऊ येऊन वाकला. त्याने आरशामागे पाहिलं. "तुझाच अंगठा आहे, ताई."

"मी हलवत नाहीये."

"दुखतंय?"

"दुखतंय. पण भाजत नाहीये." ती टकटक ऐकत होती. "सर्जनला फोन लाव."

"काय सांगू?"

"येत नाही म्हणून सांग. कधीच."

भाऊ फोनकडे गेला. तिने आरसा बाजूला सारला नाही, अंगठाही थांबवला नाही.