फळी काढलेला पियानो

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी शाळेच्या सभागृहातल्या पियानोची वरच्या सुरांची एक तार तुटली. पियानो जुळवणाऱ्या काकांच्या गालावर ओरखडा उठला.

शाळेला सुट्टी होती. सभागृहात संगीताच्या बाई तेवढ्या होत्या. त्यांनी रुमाल पुढे केला. तार गंजली असेल, असं काका म्हणाले. ती त्यांनीच महिन्यापूर्वी बसवली होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“काका, ती केव्हाच सुरात आली होती,” बाई म्हणाल्या. “तरी तुम्ही चावी फिरवतच होतात.”

चाळीस वर्षांत काकांनी सूर मोजायचं यंत्र वापरलं नव्हतं. यंत्रवाल्यांना ते ‘चष्मा लावून ऐकणारे’ म्हणत. बाईंनी आता फोनवरचं यंत्र सुरू करून वरच्या पट्ट्या एकेक दाबल्या. सगळे सूर चढे निघाले. काकांना तिथे तारेवर पडणाऱ्या हातोडीची टकटक तेवढी ऐकू येत होती. सूर लागल्यासारखा वाटेपर्यंत ते तारा ताणत राहिले होते. लोकांचे पियानो जुळवता आणि बायकोची हाक ऐकू येत नाही, असा टोमणा घरी रोजचाच होता. ते हसण्यावारी नेत.

“वरचं मला ऐकू येत नाही, बाई,” ते म्हणाले. “वर्ष झालं असेल.”

बाईंनी विचारलं, या वर्षात आणखी कुठे कुठे कामं केलीत? काका घरं मोजू लागले आणि सहाव्या घरापाशी थांबले.

गेल्या गुरुवारचं काम. उभा पियानो, जुन्या तारा. तिथल्या सहा वर्षांच्या मुलीला हातोड्या नाचताना बघायच्या होत्या. एरवी तारा झाकणारी पुढची फळी लावल्याशिवाय काका चहाच्या कपाला हात लावत नसत. त्या दिवशी पोरीने हट्ट धरला, तेव्हा आठवडाभर राहू दे उघडा, असं तेच तिच्या आईला म्हणाले. पोर स्टुलावर चढून, नाक तारांना टेकेल इतकी वाकून, वरच्याच पट्ट्या बडवायची. त्या सुरांना ती चिमण्या म्हणे.

काकांनी तिच्या आईला फोन लावला. कोणी उचलला नाही. बाईंनी गाडी काढली.

वाटेत काका एवढंच बोलले, “फळीला दोन खिट्या आहेत. लावायला अर्ध्या मिनिटाचं काम.”

अकराला ते पोहोचले. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की पाऊण तासापूर्वी आई पोरीला कडेवर घेऊन धावतच गाडीकडे गेली. पोरीचं तोंड आईच्या खांद्यात होतं. त्यामुळे काही दिसलं नाही. हाक मारली, पण आईने मागे पाहिलं नाही.

काकांनी खिडकीच्या काचेला कपाळ टेकवलं. फळी भिंतीशी उभी होती. स्टूल आडवं पडलं होतं. तारा शाबूत आहेत की नाहीत हे कळण्याइतका आत उजेड नव्हता.

साडेअकरापर्यंत त्यांनी नऊ वेळा फोन लावला. दहाव्या वेळी तो बंद लागला.