अस्थींवरची छत्री

बाबांच्या अस्थी घेऊन जा, असा वस्ती समितीचा निरोप आला तेव्हा आई माझ्या नवऱ्याकडे, युनशेंगकडे, बघत म्हणाली, "ह्याला मी छत्री धरू देणार नाही."

आमच्यात अस्थींवर ऊन पडू द्यायचं नसतं. मुलगा काळी छत्री धरतो, मुलगा नसेल तर जावई. मी एकुलती एक, म्हणजे छत्री युनशेंगनंच धरायची. पण आई मासळीबाजारात वाम विकणारी आणि तो प्रयोगशाळेत उंदीर सांभाळणारा. विषाणू बाजारातून आला की प्रयोगशाळेतून, यावर अख्खं जग वुहानकडे बोट दाखवून भांडत होतं. बाबा त्याच विषाणूनं गेल्यापासून आमच्याकडे तेच भांडण दोन खोल्यांत, बाहेरून सील केलेल्या दारामागे चालायचं.

"काय हो शास्त्रज्ञ, आज कुठला रोग पाळलाय?" नूडल्सचा वाडगा त्याच्यापुढे आदळत आई विचारायची.

"आई, जिवंत जनावरं पिंजऱ्यात घालून तुमच्या बाजारात विकायचे."

"म्हणजे नवऱ्याला मी मारलं?"

मग ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि रडायची. मला दोघांचाही संताप यायचा, पण जाणार कुठे?

अस्थी आणायच्या सकाळी ती हटूनच बसली. "प्रयोगशाळेतून आलं म्हण, मग धर छत्री."

युनशेंगनं उठून खाडकन खिडकी उघडली. "हो! आमच्याकडूनच आलं! मीच आणलं!"

खाली उभा असलेला समितीचा माणूस वर बघायला लागला. आईनं धावत जाऊन खिडकी लावली आणि युनशेंगच्या तोंडावर हात दाबला. "मूर्खा, उचलून नेतील तुला! तुला काय कळतं त्यातलं? नुसता उंदरांना दाणे घालतोस!"

तिनंच दारामागची छत्री काढून त्याच्या हातात दिली.

समितीचा माणूस जाता-येता आमच्या सोबतच होता. परतताना त्यानं विचारलं, "सकाळी हा काय ओरडत होता, मावशी?"

"सासरा गेलाय. दुःखात माणूस काहीही बरळतो."

"मग घरात आणलं कुणी?"

"माहीत नाही," आई म्हणाली. ती हे पहिल्यांदाच म्हणत होती. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

घरी आलो. बाहेरून दाराला पुन्हा सील लागलं. आईनं अस्थींची पेटी टेबलावर ठेवली आणि हळूच विचारलं, "खरं सांग युनशेंग, माझ्याकडून तर नाही ना रे आलं?"

युनशेंगनं अजून छत्री मिटली नव्हती. त्यालाही स्वतःबद्दल हेच कुणाला तरी विचारायचं होतं, आणि घरात आम्ही तिघंच होतो.