उकळलेली लाळ

ते १९५९ साल. निजामावरच्या पोलिस ॲक्शनला दहा-अकरा वर्षं झाली होती, तरी औरंगाबादेत मुलीनं सायन्स घेतलेलं लोकांच्या पचनी पडत नव्हतं. बी.एस्सी.च्या वर्गात मुली दोनच. एक फुलंब्रीची चतुरा, दुसरी लासूर स्टेशनच्या गयासमियांची सगीरा. गयासमियांची सरकीच्या तेलाची घाणी. त्यांनी मुलीला शहरात खालाकडे, म्हणजे तिच्या मावशीकडे ठेवलं ते एका अटीवर: एकदा नापास झाली, की सामान बांधायचं आणि निकाहाला हो म्हणायचं.

प्रॅक्टिकलची परीक्षा नेमकी रमजानात आली. प्रयोग लाळेचा. पिठातलं स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ. स्टार्च असलं की आयोडीनचा थेंब निळा होतो. लाळेतलं टायलिन नावाचं एन्झाइम ती माळ तोडतं, मग निळं काही होत नाही. एका नळीत ताजी लाळ घालायची, दुसरीत उकळलेली. उकळलेली निळीच राहते.

हे सगळं शिकवलं प्राध्यापक नानासाहेबांनी, आणि शिकवलं फार छान. "माळेला तुटून खाली उतरायचंच असतं," ते म्हणायचे, "पण आधी घाट चढावा लागतो, म्हणून ती बसून राहते. एन्झाइम काही तिला ढकलत नाही. ते घाटच ठेंगणा करतं. कन्नडच्या घाटात बोगदा पाडला असं समजा. पण उकळलं की एन्झाइम मेलं. लिहून घ्या."

मुलांनी मोरीपाशी उभं राहून आपापल्या नळीत थुंकायचं. मुलींनी पुरुषांदेखत थुंकणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी लेडीज रूममध्ये जाऊन पेल्यात लाळ द्यायची. शिपाई सांडूनं ते पेले आणायचे आणि नानासाहेबांनी नळ्यांत ओतून द्यायचे, अशी कॉलेजची रीत होती.

अर्ध्या तासानं चतुराची ताजी नळी पिवळट दिसली. सगीराच्या दोन्ही नळ्या निळ्या, शाईसारख्या.

पुण्याहून आलेले परीक्षक चष्मा सारून म्हणाले, "मिस, दोन्हींत उकळलेलीच घातलीत वाटतं."

"नाही सर. एकच उकळली मी."

"रोजा आहे तिचा," नानासाहेब म्हणाले. "तोंडाला पाणी नाही. उपाशी माणसाच्या लाळेत काय दम असणार?"

मुलं हसली. सगीराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. तिनं उरलेला पेला उचलला. कोमट होता, आणि तळाशी पांढरा गाळ बसलेला. चतुराचा पेला हातात घेतला, तर तो गार.

"सांडूमामा, माझाच पेला गरम कसा?"

सांडूनं नानासाहेबांकडे मान वळवली. मग म्हणाला, "सायबांनीच सांगितलं, बाई. म्हनले, तिचा तेवढा उकळून आन, मंगच हात लावतो."

चतुरा फुलंब्रीच्या पाटलाची लेक. तिला गप्प बसता येत नव्हतं. "माझा नाय व्हय उकळला? मी बी थुंकलेच की त्याच्यात. का आमच्या थुंकीला तुळशीचा वास येतो?"

"चतुरा, जागेवर जा."

सगीराला रडू येत नव्हतं, याचंच तिला नवल वाटलं. दोन वर्षं ज्यांचा शब्द न शब्द तिनं टिपून घेतला, त्या माणसाला एन्झाइम उकळून मरतं हे माहीत होतं. घरातलं सोवळं तेवढं त्यांना अजून उकळून मारता आलं नव्हतं.

ती मोरीपाशी गेली. सगळ्यांदेखत चूळ भरून टाकली, ओढणी सावरली आणि नळीत थुंकली. रोज्यानं तोंड सुकलेलं, म्हणून पुन्हा थुंकली. स्टार्च घालून नळी कोमट पाण्यात धरली. सगळे बघत उभे राहिले. आयोडीनचा थेंब पडला आणि पिवळाच राहिला.

"आता लिहा सर," ती परीक्षकांना म्हणाली.

परीक्षक नानासाहेबांकडे बघत होते. नानासाहेब खिडकीबाहेर. शेवटी परीक्षकांनी पेनाला टोपण लावलं. "पहिलाच निकाल धरला जातो. आणि हे जे तुम्ही इथं केलंत, ते कुलीन मुलीचं वागणं नव्हे."

सगीरा नापास झाली. गयासमियां गाडीनं आले, खालाच्या ओसरीवर बसले. बातमी त्यांच्या आधीच पोचलेली.

"मर्दांसमोर थुंकलीस?"

"नळीत थुंकले, अब्बा."

"त्या मास्तरच्या तोंडावर नाय ना?"

"नाही."

"माझ्या लेकीची थुंकी उकळतो," ते खालाला म्हणाले, "आणि माझ्या घानीचं तेल खातो. निकाह थांबू दे. हिला परत परीक्षेला बसव."

पुढल्या वर्षी सगीरा फर्स्ट क्लासात आली. बीडला मुलामुलींच्या शाळेत तिनं तीस वर्षं सायन्स शिकवलं. तिच्या मुली मुलांच्या शेजारी उभ्या राहून थुंकत. चतुरा अजिंठ्याला दिली, तिथं पंचायतीत निवडून आली. सांडूची नोकरी त्याच उन्हाळ्यात गेली, कारण कुणी सांगितलं नाही. गयासमियां सदुसष्ट साली वारले. परीक्षक पुढं कुठं गेले, ठाऊक नाही. नानासाहेब विभागप्रमुख झाले, निवृत्तीला शाल-श्रीफळ मिळालं, आणि त्यांच्यासारखं एन्झाइम कुणी शिकवलं नाही असं भाषणात सांगितलं गेलं. ते खरंच होतं.